मुंजाजी मास्तरांची सिम्फनी

रविकांतच्या ‘भेगा’ या रॉक बँडची गाणी सिम्फनी ऑर्केस्ट्रासाठी नव्यानं बांधायची, असं ठरलं. मानवत तालुक्यात सिम्फनी ऑर्केस्ट्रा नाही, हे नंतर लक्षात आलं. म्हणून मुंजाजी मास्तरांची लग्नातली बँडपार्टी घेतली. लाल कोट, पितळी वाद्यं, शिवाय जनरेटरवाला गाडा. पाहुण्या गायिका धम्मशीलाताई. जयंतीच्या कार्यक्रमात माईक बंद पडला तरी त्यांचं गाणं शेवटच्या माणसापर्यंत जायचं.

दिनकररावांची, म्हणजे रविकांतच्या वडिलांची, अट होती. कार्यक्रम संपायच्या आत पब्लिक उठली, तर सोमवारी गिटार विकायची आणि मोंढ्यात घरच्या धान्याच्या आडतीच्या गादीवर बसायचं. रविकांतच्या तोंडात तेव्हा भाकर होती, त्यामुळं वाद घालता आला नाही.

शनिवारी हॉल भरला. दिनकरराव पहिल्या रांगेत बसून सारखे मागं वळून खुर्च्या बघत होते. आधीची गाणी ‘भेगा’नं एकट्यानं रेटली. शेवटच्या गाण्याला बँडपार्टी स्टेजवर खुर्च्या टाकून बसली, आणि ट्रम्पेट एका गावाला, क्लॅरोनेट दुसऱ्या गावाला गेलं.

मागं कुठंतरी एक खुर्ची करकरली. रविकांत मास्तरांकडं सरकला.

“मास्तर, काय करायलाव? सरावाला लय भारी वाजत होतं की!”

“सराव गल्लीत चालत केला. आमी बसून कधी वाजवलंय? पाय थांबले की ताल थांबतो. कोन्त्याबी नवरदेवाला इचार.”

“इथं नवरदेव न्हाई!”

“तेच तर म्हणायलोय.”

आणखी दोन खुर्च्या करकरल्या.

“मग उठा! चाला!” रविकांत ओरडला.

मंडळी उठली. पाय हलले तसे ट्रम्पेट आणि क्लॅरोनेट एका गावात आले. धम्मशीलाताईंनी सूर लावला आणि करकर बंद झाली. पण मंडळींचे पाय काही थांबेनात. बँड स्टेज उतरला, खुर्च्यांमधून दाराकडं निघाला. ताईंनीही बिनवायरचा माईक उचलला.

“ताई, तुमी तरी थांबा!”

“थांबू कशी, भाऊ? गाणं पुढं चाललंय.”

बँड दाराबाहेर पडला आणि पब्लिक उठली. एक रांग, मग सगळ्या. नाचत गेली.

रविकांत पुढं धावला, पण गिटारची वायर स्टेजच्या काठावर संपली. हॉलमध्ये रिकाम्या खुर्च्या उरल्या आणि एका खुर्चीत वडील.

“पब्लिक उठली,” दिनकरराव म्हणाले.

“हो, दादा.”

रस्त्यावरून ताईंचा आवाज लांब लांब जात होता.

“तुझं वाजवणं कधी हाय?”

“हा अंतरा संपला की. गिटारवरच संपतंय गाणं.”

दिनकरराव उठले. स्टेजवर चढून त्यांनी गिटारच्या स्पीकरचा प्लग उपटला आणि स्पीकर खांद्यावर घेतला.

“बँडच्या गाड्यावर जनरेटर हाय ना?”

“हाय. पण दादा, गिटार तर विकायची ना?”

“सोमवारी. आज शनिवार हाय. वायर धर, पायात यायलीय.”