दोनशे बारा दुहेरी नोंदी

जून २०११चा शेवटचा आठवडा. दहावीचा निकाल लागून गेला होता आणि लातुरात क्लासच्या दारोदारी गर्दी होती. मुखेड, कंधार, निलंग्याकडून आलेल्या बापांच्या हातात पिशव्या आणि पिशव्यांत गुणपत्रिका. त्या गर्दीचा अंदाज रियाज पडद्यावरच्या एका रेघेवरून घ्यायचा.

रियाज मूळ नांदेडचा. लातुरातल्या एका ट्रस्टकडे त्र्याण्णवच्या भूकंपातल्या कुटुंबांची यादी होती. त्या यादीतल्या मुलांसाठी शहरातले एकोणीस क्लास काही जागा राखून ठेवत. मूल दारात आलं की क्लासचा कारकून नाव टाईप करी आणि ट्रस्टच्या सर्व्हरवरचा डेटाबेस ते शोधून उत्तर देई. उत्तर किती सेकंदांत जातं, कुठं अडतं, यावर नजर ठेवणं हे रियाजचं काम. पाच सेकंदांवर गेलेला प्रत्येक शोध वेगळ्या यादीत पडे आणि रोज सकाळी आल्या आल्या तो ती यादी वाची.

सोमवारी एकेका शोधाला चौदा सेकंद लागत होते. कारण साधं होतं. नावांवर इंडेक्सच, म्हणजे पुस्तकामागं असते तशी सूचीच, नव्हता, त्यामुळे प्रत्येक नावासाठी सर्व्हर पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत सगळं चाळत होता. रियाजने इंडेक्स करायला घेतला आणि हात लागलाच आहे तर एक अटही घातली: नाव, वडील, आडनाव आणि गाव हे चारही जुळणारी दुसरी नोंद यादीत असू नये. डेटाबेसने नकार दिला. अशा दोनशे बारा जोड्या यादीत आधीच होत्या.

त्याला नवल वाटलं नाही. अठ्ठ्याण्णव साली ट्रस्टने घरोघर फिरून फेरनोंदणी केली होती आणि तिचे कागद टाईप करताना एकच पान दोनदा चढल्याचे नमुने त्याने पाहिले होते. प्रत्येक जोडीतली जुनी नोंद ठेवून नवी काढायची, असं त्याने ठरवलं. काढलेल्या नोंदी एका फाईलमध्ये घातल्या आणि फाईलला नाव दिलं ‘दुहेरी’. चौदा सेकंदांचा शोध पाऊण सेकंदावर आला.

“तुमच्या नांदेडच्या गोदावरीचं पाणी पाजलंस का काय रे सर्व्हरला?” व्यवस्थापक शेषेराव म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या खर्चाने चहा मागवला. ते सहसा मागवत नसत.

गुरुवारी अकराच्या सुमारास दारात पन्नाशीचा एक माणूस आला. कपाळावर विभूती, मागं दोन वेण्या घातलेली मुलगी.

“यादीचं मशीन बघतेत ते साहेब कोन?”

“मीच. बसा मामा.”

“बसाया टाईम न्हाई. मी गुरुपादप्पा हलकुडे, कोनाळवाडीचा. ही माझी पोरगी सुकन्या. ब्याण्णव टक्के हायेत हिला. अन् क्लासवाला म्हनतो, तुमच्या यादीत ही मेलेली हाय.”

“मेलेली न्हाई म्हनलं आप्पा,” मुलगी म्हणाली. “मयत म्हनलं.”

“मंग काय फरक पडला?”

राखीव जागा क्लासवाला संध्याकाळी पाचपर्यंत धरणार होता. पाचनंतर ती पुढच्या नावाला जाणार होती. एवढं सांगून गुरुपादप्पा खुर्चीच्या कडेला टेकले.

रियाजने नाव टाकलं. पाऊण सेकंदात ओळ आली. सुकन्या गुरुपादप्पा हलकुडे, कोनाळवाडी. वय चार. मयत, ३० सप्टेंबर १९९३.

“मामा, इथं तर वय चार...”

“ती थोरली.”

“थोरली कोण?”

“थोरली सुकन्या. ती भूकंपात गेली. ही पंच्याण्णवची, दुसरी. बारशाला आत्यानं कानात दुसरं नाव सांगायचं ठरीवलं होतं. हिच्या मायनं, रत्नम्मानं, सांगूच दिलं न्हाई. म्हनली, हेच ठिवा. हाक तर मारायला मिळंल.”

मुलगी म्हणाली, “गावात मला दुसरीच म्हनतेत. दुसरीच्या वर्गात गेले तवा पोरं लई चिडवायची, दुसरी दुसरीत गेली म्हनून.”

त्याने ‘दुहेरी’ फाईल उघडली. एकशे सदतिसावी नोंद तिची होती. हयात. शेवटच्या रकान्यात जन्मसाल, १९९५. हे दोन्ही रकाने त्याने सोमवारी जुळवणीत धरले नव्हते, कारण पुष्कळ नोंदींत ते रिकामे होते. आता तो जन्मसालं वरून खाली वाचत गेला. चौऱ्याण्णव. पंच्याण्णव. चौऱ्याण्णव. शहाण्णव. रिकामं. चौऱ्याण्णव.

“कोनाळवाडीत अशी आणखी किती पोरं आहेत, मामा?”

“मडिवाळप्पाचा संगमेश्वर. शिवमूर्तीची धाकटी. आमच्या गल्लीत चार. वरल्या गल्लीचं सांगता येत न्हाई, तिथं घरंच कमी उरली.”

रियाज उठून शेषेरावांच्या खोलीत गेला.

“सर, सोमवारी मी काढलेल्या नोंदी जिवंत पोरांच्या आहेत. मेलेल्या ठेवल्या आणि जिवंत काढल्या.”

शेषेरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सगळं ऐकून घेतलं. “या पोरीची एक नोंद हातानं घाल.”

“अट काढल्याशिवाय एकही बसत नाही. अट काढायची तर यादी बंद ठेवावी लागेल.”

“आत्ता? एकोणीस दारांत रांगा लागल्यात. पाचनंतर कर.”

“पाचला हिची जागा जाते, सर. आणि बाकीचे दोनशे अकराही आज कुठल्या ना कुठल्या रांगेत असतील.”

“त्यातले काही खरंच दोनदा टाईप झालेले असतील की.”

“असतील. कोणते, ते मला माहीत नाही.”

“सोमवारी माहीत होतं वाटतं.”

रियाज उभाच राहिला. शेषेरावांनी चष्मा घातला आणि फोन जवळ ओढला. “कर बंद. फोन मी घेतो.”

यादी सदतीस मिनिटं बंद होती. रियाजने अट काढली, ‘दुहेरी’तल्या सगळ्या नोंदी परत घातल्या, अटीविना साधा इंडेक्स केला. बाहेर शेषेरावांचा आवाज येत होता. “हौ, बंद आहे. नाही, लाईट नाही गेली. आमच्याकडूनच चूक झाली.” हे वाक्य ते प्रत्येक फोनवर नव्याने, पूर्ण म्हणत होते. रियाजचं नाव त्यांनी कुणालाही सांगितलं नाही.

यादी सुरू झाली. रियाजने पुन्हा नाव टाकलं. शोधाला पाऊण सेकंदच लागला. सोमवारी साध्या इंडेक्सनेही वेग तेवढाच मिळाला असता. अटीची गरज कधी नव्हतीच.

पडद्यावर दोन ओळी आल्या. गुरुपादप्पा खुर्चीवरून उठून जवळ आले. त्यांना वाचता येत नव्हतं. “काय लिवलंय?” त्यांनी मुलीला विचारलं. तिने पहिली ओळ वयासकट, तारखेसकट वाचली. मग स्वतःची वाचली.

“दोघी हायेत न्हवं?”

“दोघी आहेत, मामा.”

क्लासच्या कारकुनाचा फोन आला. दोन दिसतात, कोणती धरू, असं तो विचारत होता. “हयात आहे ती,” रियाज म्हणाला. “निघालीच आहे. अर्ध्या तासात तुमच्यासमोर असेल.”

जन्मसालाचा रकाना भरलेल्या नोंदींचा प्रश्न मिटला. जन्मसाल आणि हयात-मयत दोन्ही रिकामं असलेल्या त्रेसष्ट उरल्या. खऱ्या किती आणि चुकून चढलेल्या किती, हे सांगायला यंत्राजवळ काही नव्हतं. घरोघरी विचारणं एवढाच मार्ग होता. रियाजने कागद घेऊन आधी प्रश्न लिहिला, ‘या नावाचं तुमच्याकडे कुणी वारलं आहे का?’ मग तो खोडला. दुसरा लिहिला, तोही खोडला. शेवटी फोन फिरवला.

पलीकडे एक बाई होती. त्याने स्वतःचं आणि ट्रस्टचं नाव सांगितलं, मग यादीतलं नाव वाचलं. “या नावाची तुमच्या घरी माणसं किती, मावशी?”

“एक हाय,” ती म्हणाली. मग म्हणाली, “एक होतं.”

“जन्मसाल सांगता का?”

“कोनाचं?”

“दोघांचं,” रियाज म्हणाला आणि लिहून घ्यायला लागला.