शेवटची गाडी जाईपर्यंत

"सावलीत उभा राहिलास तरी चालेल, नेव्हिल. पण कोपरा सोडू नकोस," असं ओरडत निळ्या गाडीतली बाई डावीकडे वळली. तिची धूळ खाली बसेपर्यंत नेव्हिल पास्को हात लांब करून तसाच उभा होता. मग त्याने हात खाली घेतला, मानेवरची माशी हाकलली आणि पुन्हा घड्याळात पाहिलं.

सावली होती कुठे म्हणा. पडक्या दगडी घराची एक भिंत आणि तिच्यावर बसून कलकलणारे गुलाबी काकाकुवे, एवढंच त्या चौकात होतं. बाकी चहूकडे कापणी झालेल्या गव्हाचे खुंट आणि मार्च अखेरचं ऊन. डावीकडचा रस्ता जायचा बरा नावाच्या, जुन्या तांब्याच्या खाणीच्या गावाला. समोरचा सरळ पूर्वेला, जिथे पाऊस संपतो आणि माणसंही संपतात.

जुन्या गाड्यांच्या क्लबाची सहल निघाली की रस्ता दाखवायला पाट्या लावत नाहीत. वळण आलं की सगळ्यात पुढच्या गाडीमागची गाडी तिथे थांबते. तिचा मालक खाली उतरून हात लांब करून उभा राहतो आणि मागच्यांना वळण दाखवतो. सगळ्यात शेवटी सचिव डोरीन किटल येते. तिच्या गाडीच्या पाठीला झाडू बांधलेला असतो. झाडू दिसला की कोपरा सोडायचा, त्याआधी नाही. आणि वळणावर कोणी उभं नसेल, तर डोकं न चालवता सरळ जायचं. नियम एवढे दोनच. क्लबात येणाऱ्याला ते पहिल्या दिवशी चहाच्याही आधी सांगतात.

आता मागे तीनच गाड्या राहिल्या होत्या. झाडूवाली डोरीन, तिच्या पुढे क्लबातल्या एकाची गाडी आणि क्लेम हॅनाफोर्डची चिमुकली ऑस्टिन. क्लेम चौऱ्याऐंशीचा, गाडी त्याच्याहून म्हातारी. चढ आला की दोघं मिळून धापा टाकायचे. शिवाय आज शेजारी त्याची बायको मर्ल होती. मर्लला हल्ली बरंच काही आठवत नसे, पण बरा हे गाव आठवत असे. तिथल्या खाणकामगारांच्या छोट्या चर्चमध्ये ती मुलगी असताना पायपेटी वाजवायची. ते चर्च कधीच बंद पडलं होतं, पण क्लेमने चारदोन ठिकाणी फोन करून दुपारपुरती त्याची किल्ली मिळवली होती. सकाळी निघताना तो सगळ्यांना सांगत सुटला होता, "आज ती अख्खी जागी आहे. रस्ताभर स्तोत्रं म्हणणार आहे. तुम्हाला ऐकायची असतील तर हळू चालवा."

नेव्हिलला हळू चालवणं परवडणारं नव्हतं. बऱ्याच्या मुख्य रस्त्यावर दुपारी गाड्या ओळीने लागायच्या, प्रत्येकीपुढे एक बरणी ठेवायची, आणि गावातले लोक आवडत्या गाडीच्या बरणीत गोटी टाकायचे. जास्त गोट्या त्याला बक्षीस. बक्षीस म्हणजे चांदीचा रंग दिलेली तेलाची झारी, तीही बुडाशी गळकी. पण नेव्हिलला ती हवी होती. आयुष्यभर त्याने लोकांच्या अंगणातले पाण्याचे मीटर वाचले, कुत्र्यांच्या शिव्या खाल्ल्या, आई असेपर्यंत आईबरोबर आणि पुढे एकटा राहिला. कशातच तो कधी पहिला आला नव्हता. ही गाडी त्याने घरामागच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं संध्याकाळी बसून उभी केली होती. तिचा गंजका सांगाडासुद्धा क्लेमनेच दिला होता, कोंबड्यांच्या खुराड्यातून ओढून काढून. "घेऊन जा पोरा," तो म्हणाला होता, "कोंबड्यांना काही तिचं कौतुक नाही."

आणि ती गाडी आता इथे धुळीत उभी होती आणि तिकडे गोट्या पडायला लागल्या असणार.

आणखी थोडा वेळ त्याने वाट पाहिली. मागच्या मिनटारो गावाकडच्या रस्त्यावर धूळ दिसेना. मागे डोरीन आहेच, तिला रस्ता तोंडपाठ आहे, ती क्लेमला बरोबर घेऊन येईल, त्याने मनाशी म्हटलं. त्याला ते पटलं, कारण पटवूनच घ्यायचं होतं. तो गाडीत बसला आणि कोपरा सोडून डावीकडे निघून गेला.

*

झारी त्यालाच मिळाली. त्याच्या बरणीत गोट्या मावेनात. शाळकरी मुली गाडीच्या दिव्यात तोंडं बघत होत्या, एक म्हातारा म्हणाला की माझ्या बापाकडे अशीच होती, आणि नेव्हिल कानापर्यंत लाल झाला. त्याने झारी हातात धरून फोटो काढून घेतला, तेवढ्यात डोरीन आली. हमरस्त्याच्या बाजूने आली, आणि झाडूवाल्या गाडीमागे दोरखंडाने मागे राहिलेली ती तिसरी गाडी बांधलेली होती.

"मिनटारो सोडलं नाही तोच याचा आस तुटला," ती उतरता उतरता म्हणाली. "ओढत आणला हमरस्त्याने. खेड्यातल्या रस्त्याने आणला असता तर उद्या पोचलो असतो. क्लेम कुठाय?"

सगळ्यांनी मागे रस्त्याकडे पाहिलं.

"त्याला म्हटलं, तू हो पुढे, कोपऱ्यावर नेव्हिल उभा आहे." डोरीनने नेव्हिलकडे पाहिलं. "तुझ्या कोपऱ्यावरून गेला ना तो?"

त्या क्षणी सगळे त्याच्याकडे बघत होते. झारी हातात होती. दोन मिनिटांपूर्वी याच लोकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या.

"गेला की," नेव्हिल म्हणाला. "मीच हात केला."

 क्लेम आत्ता येईल, कुठेतरी स्तोत्रं म्हणत, मर्लला फुलं तोडून देत थांबला असेल, आणि मग सगळं आपोआप मिटेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

क्लेम आला नाही. चहा झाला तरी आला नाही. फोन लागेना, पण त्या बाजूला तो कधीच लागत नाही. मग लोक शोधायला निघाले, आणि निघाले ते नेव्हिलच्या शब्दावर. कोपऱ्यापासून बऱ्यापर्यंतचा रस्ता त्यांनी पिंजून काढला, प्रत्येक फाटा, प्रत्येक शेताचं फाटक. तिथे क्लेम असणारच नव्हता, आणि हे त्या सगळ्यांत एकट्या नेव्हिलला माहीत होतं.

"मी उगाच एकदा सरळ रस्त्याने बघून येतो," तो डोरीनला म्हणाला. आपला आवाज त्याला दुसऱ्या कुणाचा वाटला.

"तिकडे कशाला जाईल तो? तूच वळवलंस ना?"

"उगाच. मनाचं समाधान."

*

ऊन उतरत आलं होतं तेव्हा त्याला ऑस्टिन दिसली. गाडीतलं पाणी उकळून संपलं होतं आणि ती रस्त्याच्या कडेला खुरट्या झुडपांत नाक घालून उभी होती. क्लेमने आपला कोट गाडीच्या दारावर बांधून सावली केली होती. त्या सावलीत मर्ल बसली होती, एका पायात बूट, दुसरा हातात.

"हा आला बघ, मर्ल. नेव्हिल आला." क्लेमचे ओठ फुटले होते. त्याने नेव्हिलचे दोन्ही दंड धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. "देवासारखा आलास रे."

नेव्हिलने पाण्याची बाटली मर्लपुढे धरली. तिने ती घेतली नाही. ती अंग चोरून बसली.

"हा माणूस कोण आहे?" तिने क्लेमला विचारलं. मग क्लेमकडे बघून म्हणाली, "आणि तुम्ही मला घरी कधी सोडणार? बाबा रागावतील."

"सोडतो हं," क्लेम म्हणाला. तो नेव्हिलकडे वळला आणि आवाज खाली आणून बोलू लागला. "दुपारपर्यंत छान होती. पेटीतला कुठला सूर अडकतो तेसुद्धा सांगत होती मला. मग ऊन वाढलं, पाणी संपलं, ती घाबरली. तेव्हापासून अशी." त्याने खाली बघितलं. "तू कोपऱ्यावर होतास ना? डोरीन म्हणाली होती. मला दिसलाच नाहीस रे. मी समजलो कोणी नाही, म्हणून सरळ गेलो. भर दुपारी उभा माणूस दिसू नये मला."

खरं सांगायचं तर इथेच सांगायला हवं होतं. दुसरं कोणी ऐकायला नव्हतं. नेव्हिलने तोंड उघडलंही.

"ऊन डोळ्यांवर आलं असेल," तो म्हणाला.

"बाराच्या उन्हात कसलं डोळ्यांवर येतं," क्लेम म्हणाला. "डोळेच गेले असणार."

बऱ्यात पोचल्यावर लोकांनी नेव्हिलच्या पाठीवर थापा मारल्या. डोरीन, जी कधी कुणाला बरं म्हणत नाही, ती म्हणाली, "सगळे एकीकडे आणि तू एकटा बरोबर. तुझं नाक शिकारी कुत्र्याचं आहे." जेवताना त्याच्या ताटात कुणीतरी सगळ्यात मोठी पेस्टी, खिमा भरलेली जाड करंजी, वाढली. ती त्याने न खाता शेजारच्या ताटात सरकवली.

*

सकाळी क्लेमची मुलगी लिनेट ॲडलेडहून ट्रेलर घेऊन आली. किल्ली दुपारपर्यंत राहू देतो, असं चर्चच्या माणसाने सांगितलं होतं, म्हणून क्लेम मर्लला तिथे घेऊन गेला. पायऱ्या चढायला आधार हवा म्हणून त्याने नेव्हिललाच हाक मारली. नेव्हिलला नाही म्हणता आलं नाही.

आत धुळीचा आणि जुन्या लाकडाचा वास होता. क्लेमने मर्लला पायपेटीपुढे बसवलं, झाकण उघडलं. तिने पांढऱ्या पट्ट्यांकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे, आणि हात मांडीवर ठेवून दिले.

"छान आहे," ती कुणाकडे पाहुणी आल्यासारखी अदबीने म्हणाली. "कोणाची आहे?"

"तुझीच होती," क्लेम म्हणाला.

"नाही हो. मला कुठे येतं."

क्लेमने झाकण हळूच बंद केलं. मग खिशातून गाडीच्या किल्ल्या काढल्या आणि लिनेटपुढे धरल्या. "ह्या घे. दोन वर्षं मागत होतीस."

"बाबा, आत्ताच कशाला—"

"हाताच्या अंतरावर उभा असलेला माणूस मला दिसला नाही. आणखी काय व्हायची वाट बघू? माझ्यामुळे तिची सकाळ गेली. किती दिवसांनी आली होती तशी सकाळ." त्याने किल्ल्या तिच्या मुठीत दाबल्या.

नेव्हिलच्या हातात टोपी होती. तो तिची कड चुरगाळत होता.

"क्लेम, मी तिथे नव्हतो."

दोघांनी त्याच्याकडे बघितलं.

"कोपऱ्यावर. मी नव्हतोच. तू यायच्या आधीच निघून आलो. त्या गोट्यांसाठी. तुझे डोळे ठीक आहेत. तू नियमाने सरळ गेलास, आणि मी डोरीनला खोटं सांगितलं, म्हणून सगळे भलतीकडे शोधत बसले."

लिनेटचा चेहरा पांढरा पडला. "आई अख्खी दुपार त्या उन्हात होती," ती म्हणाली. "आणि तुम्ही काल रात्री टेबलावर बसून लोकांकडून शाबासकी घेत होतात."

"घेत होतो," नेव्हिल म्हणाला.

"लिनेट, राहू दे." क्लेम बाकावर टेकला. तो चिडला असता तर नेव्हिलला बरं वाटलं असतं. पण त्याने बाकावरची धूळ तळहाताने पुसली. "दिवसभर मी स्वतःला शिव्या घालत होतो," तो म्हणाला. "तुझं नाव एकदासुद्धा मनात आलं नाही. नेव्हिल कोपरा सोडेल, हे मला सुचलंच नाही बघ."

लिनेटने मूठ उघडून किल्ल्या त्याच्यापुढे धरल्या. "मग ह्या तुमच्याकडेच असू द्या, बाबा."

क्लेमने त्या घेतल्या नाहीत. मर्ल खिडकीच्या रंगीत काचेवर बोट फिरवत होती, तिच्याकडे तो बघत होता.

"ठेव तुझ्याजवळच," तो म्हणाला. "आता मला कुठे जायचंय."

*

नेव्हिलने झारी नेऊन डोरीनच्या गाडीवर ठेवली आणि सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. कुणी ओरडलं नाही. लोकांनी आपापल्या गाड्यांची झाकणं उघडली आणि आत काहीतरी बघायला लागले.

"आजचा पहिला कोपरा तुझा," डोरीन एवढंच म्हणाली. "जमेल?"

गावाबाहेर जिथे ॲडलेडचा रस्ता डावीकडे फुटतो, तिथे तो हात लांब करून उभा राहिला. एकेक गाडी त्याच्यासमोरून वळून गेली. एरवी प्रत्येक जण भोंगा वाजवतो, आज कुणी वाजवला नाही. शेवटी डोरीन आली, झाडू हलवत. तिने गाडी थांबवली.

"झाडू गेला. चल."

"अजून एक यायची आहे," नेव्हिल म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली, मग गिअर टाकून निघून गेली.

तो उभाच राहिला. हात दुखायला लागला तरी त्याने तो खाली घेतला नाही. बऱ्याच वेळाने लिनेटची गाडी आली, मागे ट्रेलर, ट्रेलरवर दोरांनी आवळलेली ऑस्टिन. लिनेट समोर बघत होती. तिला रस्ता ठाऊक होता, दाखवायची गरजच नव्हती. मागच्या सीटवरून मर्लने अनोळखी माणसाला हलवावा तसा हात हलवला.

तिच्या पुढे, लिनेटशेजारी, क्लेम बसला होता. त्याने नेव्हिलकडे पाहिलं नाही. पण वळण जवळ आलं तशी त्याच्या बाजूची काच खाली गेली आणि त्याचा हात बाहेर आला, सरळ, ताठ, जुन्या गाडीवाल्यांचा असतो तसा. डावीकडे वळतोय, असं तो मागच्यांना सांगत होता. मागे कोणी नव्हतं.

गाडी वळली, आणि हात आत गेला.