तिरचिमणीच्या छातीवरच्या रेघा

"मूळ फोटो पाठवा" एवढंच सुगुणा मेडमनी आठवड्यात पाच वेळा लिहिलं होतं, आणि पाचही वेळा चेलुवराजूंनी आधीपेक्षा देखणा फोटो पाठवला होता. मूळ म्हणजे कॅमेऱ्यातून निघाला तसा, आंघोळ न घातलेला. हे वीज मंडळातून निवृत्त झालेल्या माणसाला कळू नये?

फोटो होता तिरचिमणीचा. म्हैसूरच्या बाहेरच्या तळ्याकाठी, कापणी झालेल्या नाचणीच्या शेतात काढलेला. एरवी या मातकट पक्ष्याकडे कुणी मान वळवून बघत नाही. पण या तिरचिमणीची छाती कोरी होती आणि चोचीपासून डोळ्यापर्यंत काळी रेघ ओढलेली होती. आपल्या शेतातल्या तिरचिमणीच्या छातीवर बारीक रेघा असतात, आणि डोळ्यापुढची जागा फिकट असते. कोऱ्या छातीची ती दूर उत्तरेकडून थंडीत येणारी, इकडे जवळजवळ न दिसणारी. चेलुवराजूंनी फोटो पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला, कुणीतरी ते दुर्मीळ नाव घेतलं आणि त्रेचाळीस जणांनी अभिनंदन करून टाकलं. चेलुवराजूंना स्वतःला दोन तिरचिमण्यांतला फरक तोवर ठाऊकही नव्हता.

जिल्ह्याच्या पक्ष्यांच्या यादीची नवी आवृत्ती सोमवारी छापायला जायची होती, आणि कुठली नोंद धरायची, कुठली नाही, हे ठरवायचं काम सुगुणा मेडमकडे होतं. कॉलेजात तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवल्यावर पदरात पडलेलं हे बिनपगारी दुखणं. त्या यादीत एका ओळीपुढे प्रश्नचिन्ह होतं. जानेवारी १९९१, तेच तळं, तोच उत्तरेकडचा पक्षी, पाहणारी सुगुणा. चाळीस मिनिटं ओल्या बांधावर पालथं पडून दुर्बिणीतून पाहिलेला. कॅमेरा नव्हता. तेव्हाचे तपासणारे शिवनंजप्पा सर म्हणाले होते, "तुम्ही खोटं बोलता असं मी म्हणत नाही मिस. पण पुरावा?" आणि त्यांनी प्रश्नचिन्ह घातलं. तेव्हापासून प्रत्येक आवृत्तीत ते छापून येतं. कुणी नवखा विचारतो, "हे कुणाचं हो?" आणि बाईंना सांगावं लागतं, "माझं."

चेलुवराजूंचा फोटो खरा ठरला, तर बाईंचाही पक्षी खरा ठरणार होता. म्हणून तर त्यांचा जीव वरखाली होत होता, आणि म्हणूनच त्या फोटोची त्यांना चीड येत होती. तूप लावलेल्या पुरणपोळीसारखी गुळगुळीत छाती कुठल्या पक्ष्याची असते?

सहावा फोटो आला तेव्हा बाईंनी फोनच लावला.

"अहो चेलुवराजू, मी काय मागितलं?"

"मूळ, मेडम. पण तो दाखवण्यासारखा नाही हो. ढगाळ सकाळ, उजेड कमी, फोटोभर नुसते करडे दाणेच दाणे. कालच्यापेक्षा आजचा किती छान झालाय बघा! नखंसुद्धा दिसतायत."

"नखं घेऊन मी काय करू? चटणी वाटू? थांबा, मीच येते."

स्कूटर काढून बाई तडक त्यांच्या घरी गेल्या. दार इंदिरम्मांनी उघडलं. "या अक्का. तुमचीच वाट बघत होते. गेले आठ दिवस हे त्या चिमणीला पावडर-काजळ करतायत. आमच्या लग्नात माझ्याकडे एवढं बघितलं नव्हतं."

"तू कॉफी आण," चेलुवराजू आतून ओरडले.

ते बाईंना कॉम्प्युटरपुढे बसवून अभिमानाने दाखवू लागले. "हे बघा, आधी चारी बाजूंनी क्रॉप केलं. मग दाणे पुसले. मग धार लावली. परत दाणे आले, परत पुसले."

"आता हे सगळं काढा आणि पहिलं उघडा."

चेलुवराजूंनी पाहुण्यांपुढे न आवरलेली खोली उघडावी तसा नाइलाजाने मूळ फोटो उघडला. काळपट, करड्या दाण्यांनी भरलेला, मधे शेंगदाण्याएवढा पक्षी. बाईंनी चष्मा पुसला आणि तो मोठा केला. छातीच्या दोन्ही बाजूंना फिकट तपकिरी रेघा होत्या. सहा-सात. डोळ्यापुढची जागाही फिकट होती. धार लावता लावता तिथल्या सावलीचं काजळ झालं होतं.

 बाईंचं वय एकसष्ट, आणि एका तिरचिमणीसाठी रडू फुटायच्या बेतात. त्यांना स्वतःचाच राग आला.

"रेघा आहेत," त्या म्हणाल्या.

"ते दाणे आहेत मेडम."

"दाणे असे पिसांच्या ओळीत बसत नाहीत हो! दाणे पुसता पुसता तुम्ही पक्षीच पुसलात. ही आपली रोजची, शेतातली."

चेलुवराजूंचा चेहरा पडला. मग ते दाराकडे बघत हळूच म्हणाले, "मूळ फोटो आपण दोघांनीच पाहिलाय. सगळ्यांना तो दुसराच माहीत आहे. तुम्ही हो म्हणालात तर... तुमचंही ते प्रश्नचिन्ह जाईल, मेडम."

बाई लगेच नाही म्हणाल्या नाहीत. हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांनी विचार केला, इंदिरम्मांनी आणून ठेवलेल्या कॉफीचा चांगला अर्धा पेला संपेपर्यंत केला. मग पेला ठेवला आणि उगाच हाताला चाळा म्हणून फोटो परत लहान केला. सगळी चौकट दिसू लागली. डाव्या कडेला, क्रॉप करताना उडवलेल्या भागात, आणखी एक पक्षी होता.

धूसर, शेपटी कडेने कापलेली. पण उंच पायांवर ताठ उभा, वाळूच्या रंगाचा. गर्दीत पाठमोरी बहीण ओळखावी तसा बाईंनी तो ओळखला. "हा कोण?"

"तो होय? फार छळलं त्यानं. सारखा मधे यायचा. फोकस याच्यावर धरावा, तर जाऊन त्याच्यावर बसायचा."

"त्याच्यावर बसायचा? म्हणजे त्याचे नीट फोटो आलेत?"

"आलेत ना! चाळीसेक असतील. लख्ख."

"कुठे आहेत?" बाई उभ्याच राहिल्या.

"काढून टाकले."

"का?"

"अहो, नुसता मळकट पक्षी. छाती कोरी, एक रेघ नाही की ठिपका नाही. फोटोत उठावच येईना. कार्डावर जागा हवी होती. भाच्याचं लग्न होतं."

बाईंनी डोक्याला हात लावला आणि त्या मटकन खाली बसल्या. इंदिरम्मा कोडुबळ्यांची, म्हणजे कडबोळ्यांची, ताटली घेऊन आल्या, बाईंचा चेहरा बघून तशाच परत गेल्या.

"काय झालं मेडम? तोच होता की काय? मग अवघड काय आहे त्यात! या कोपऱ्यातल्याला क्रॉप करतो, दाणे पुसतो, धार लावतो, तासाभरात..."

"हात लावू नका!" बाई इतक्या जोरात ओरडल्या की शेजारचं कुत्रं भुंकलं.

मग त्यांनी पिशवीतून यादीचे कागद काढले. चेलुवराजूंच्या नोंदीवर आडवी रेघ मारली. वर स्वतःची प्रश्नचिन्हाची ओळ होती. पेन तिच्यापाशी जरा थांबलं. त्यांनी टोपण लावलं आणि कागद पिशवीत घातले.

"पण तुम्हाला खात्री आहे ना, हा तोच म्हणून?" चेलुवराजूंनी विचारलं.

"आहे."

"पुरती?"

"पुरती."

"मग घाला की यादीत!"

"खात्री मला एक्क्याण्णव सालीही होती," बाई म्हणाल्या, आणि चपला शोधायला बाहेर गेल्या.