हाताचा गुण

टॅन्सीनं आवंढा गिळला, आणि तो माझ्या तळहाताला कळला.

मी तिचं डोकं दोन्ही हातांत धरून उभी होते. गोठ्याचं जुनं दार दोन पिंपांवर आडवं टाकलेलं, त्यावर ती ग्रेहाउंड कुत्री उभी होती. माझा भाऊ डिनी डोळे मिटून तिच्या मागच्या उजव्या पायावरून बोटं फिरवत होता. ही जात ओरडत नाही. दुखलं तर ओठ चाटते, फार तर आवंढा गिळते. हे मला डिनीनंच शिकवलं होतं. त्याचा अंगठा घोट्याच्या आतल्या अंगाला दाबला गेला, नेमकं तेव्हाच तिनं गिळलं. मी वर पाहिलं तर त्याची बोटं पुढच्या सांध्यावर गेलेली होती.

"पळव शनिवारी," तो कुत्रीच्या मालकिणीला, जोसी ट्रेसीला म्हणाला. "घोट्याला काही झालेलं नाही."

जोसीनं मान हलवली, कुत्रीला खाली घेतलं आणि जाताना आमच्या खिडकीत अंड्यांची पिशवी ठेवली. तोंडानं ती काही बोलली नाही. आमच्याकडे हाडवैद्याचे आभार मानत नाहीत. मानले तर त्याच्या हाताचा गुण जातो म्हणतात. आमचे वडील माणसांची हाडं बसवायचे, डिनी कुत्र्यांची बसवतो. दोघांनाही जन्मात कुणी 'थँक्यू' म्हटलं नाही. एकदा डब्लिनहून आलेला एक गृहस्थ नकळत म्हणून गेला, तर डिनी दोन दिवस गोठ्याकडे फिरकला नाही. तेव्हा मी त्याला हसले होते.

आता घोट्याचं सांगते, म्हणजे मी काय केलं ते समजेल. शर्यतीचा ट्रॅक डावीकडे वळतो. प्रत्येक वळणावर कुत्र्याचा सगळा भार मागच्या उजव्या घोट्यावर येतो, म्हणून तिथलं एक छोटं हाड आधी जातं. पण ते एकदम जात नाही. आधी बारीक तडा जातो, कुत्रं लंगडतही नाही, नुसती नखाएवढी जागा कोमट लागते. चाळीस वर्षं डिनीनं ती जागा बोटांनी शोधली. त्यानं 'पळवू नकोस' म्हटलं की आमच्या पंचक्रोशीत कुणी पळवत नसे, मग घरात लग्न असो की मयत.

आणि ती बोटं ईस्टरपासून मेलेली होती. साखरेचा आजार. ते मला कळलं कसं, तर हा बाबा स्वयंपाकघरात चुलीच्या तापलेल्या पत्र्यावर हात टेकून हवापाण्याच्या गप्पा मारत उभा राहिला आणि वास आधी मला आला. मी ओरडल्यावर त्यानं हात उचलला. मग कातडी पाहत म्हणाला, "पेग, कुणाला सांगू नकोस." माझ्या जिभेला हाड नाही असं सगळं गाव म्हणतं. ही एक गोष्ट मात्र मी पोटात ठेवली. मला वाटायचं, हात गेला तर या माणसाचं उरेल काय? बायको नाही, पोर नाही, सकाळी उठून जायला एक गोठा तेवढा.

टॅन्सी ही जोसीच्या नवऱ्यानं, मिकनं वाढवलेली. मिक जानेवारीत गेला. शेवटच्या दिवसांत इस्पितळात पाद्री येऊन बसला, तर त्याला हा विचारत होता, पिल्लू खातंय का नीट. जोसीला खरं तर कुत्र्यांची भीती. तरी ती शाळेची बस काढायच्या आधी रोज चार मैल टॅन्सीला चालवायची. एकदा, फक्त एकदा तिला ट्रॅकवर पळवायची, एवढंच मिकनं मागितलं होतं.

शनिवारी दुसऱ्या वळणावर घोटा मोडला.

डिनी ट्रॅकवर कधी जात नाही. जोसीनं फोनवर सांगितलं तेव्हा तो जेवत होता. त्यानं ताट बाजूला सारलं आणि बाहेर जाऊन ओसरीच्या पायरीवर बसला. पाच मिनिटांनी त्यानं आत येऊन एवढंच विचारलं, "कुठला पाय?" मी म्हणाले, "उजवा." मला वाटतं ते त्याला माहीत होतं.

जनावरांच्या डॉक्टर ओर्लानं दोन स्क्रू घालून हाड जोडलं. पाय सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर निघालं त्याच दिवशी जोसी तिला आमच्याकडे ठेवायला घेऊन आली. तिच्या मनात किंतु नव्हता. नशिबात होतं ते झालं, आता डिनी तिला चालती करेल, मिक असता तरी इथंच आणली असती, असं ती म्हणाली. डिनीनं नाही म्हणायला हवं होतं. पण त्याला वाटलं असणार, मोडला तो पाय मीच उभा करीन.

तो खपला मात्र खरोखर. रोज सकाळी टॅन्सीला नदीवर न्यायचा. पोटाएवढ्या पाण्यात तिला प्रवाहाविरुद्ध चालवायचं, म्हणजे पायावर भार कमी आणि स्नायूंना काम जास्त. स्वतः मांड्यांपर्यंत भिजून तिच्या शेजारी चालायचा. मग त्या दारावर निजवून घोटा वाकवायचा आणि सोडायचा, तीस वेळा. डोकं धरायला मला बोलवत नव्हता. म्हणायचा, "जमतंय मला एकट्याला." चौथ्या आठवड्यात ती अंगणात दुडक्या चालीनं धावली. जोसी हसली तेव्हा. जानेवारीपासून तिचं हसू मी ऐकलं नव्हतं.

त्यानंतर टॅन्सी खाईना. एका कुशीवर पडून राहायला लागली. डिनी म्हणाला, दमली असेल. सहा दिवस तरीही तिला नदीवर नेत होता. मग वर डोंगरात पाऊस झाला, नदीला पाणी चढलं आणि त्या सकाळी नदीवर जाणं झालं नाही. अंगणात भिजलेली टॅन्सी मी स्वयंपाकघरात घेतली, पुसताना हात घोट्यावर गेला. पाय भाकरीसारखा गरम होता. रोज बर्फासारख्या पाण्यातून आलेला पाय हाताला गारच लागायचा, म्हणून मलाही कळलं नव्हतं. आणि डिनीला काहीच लागत नव्हतं, गार नाही की गरम नाही.

या वेळी मी बोलले. "डिनी, पायात पू झालाय." तो आला. गुडघ्यावर बसला आणि त्यानं घोट्याला हाताचा पंजा लावला. मग मनगट लावलं, मग गाल लावला. गालाला कळलं त्याला.

विष रक्तात गेलं होतं. ओर्ला चांगली मुलगी आहे, डिनीला मान देणारी. ती नाइलाजानं म्हणाली, "आठवडाभर आधी आणली असती तर पाय काढून तिला वाचवता आलं असतं." दोन दिवस सलाईन लावून पाहिलं. तिसऱ्या दिवशी जोसीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओर्लानं शेवटची सुई दिली.

पुरून झाल्यावर आम्ही जोसीच्या घरी गेलो. तिनं चहा ठेवला. डिनीनं टोपी काढली आणि उभ्या उभ्याच बोलला.

"जोसी, शर्यतीआधी तिचा घोटा तडकलेला होता. मला लागला नाही. माझ्या बोटांत जीव नाही, ईस्टरपासून."

जोसी किटली हातात घेऊन थांबली. "आणि आता पाय तापला होता तेव्हा?"

"तेव्हाही नाही."

तिनं तीन कप भरले. दूध ओतलं. कुणी प्यायलं नाही. मग तिनं शाळेच्या बसची वेळ झाल्याचं सांगितलं आणि आम्ही निघालो.

वाटेत डिनी म्हणाला, "तुला त्या दिवशी कळलं होतं ना?"

"तिनं आवंढा गिळला होता," मी म्हणाले.

"मग बोलली का नाहीस?"

"तुझा हात राहावा म्हणून."

तो थोडं चालला. "मी पळव म्हणालो तेही त्यासाठीच," म्हणाला. "खात्री नाही म्हटलं असतं, तर तिनं विचारलं असतं, का नाही."

त्यानं जोसीला सगळं सांगितलं, माझं नाव घेतलं नाही. मीही तिला अजून सांगितलेलं नाही. रस्त्यात भेटते, हसते, मी हवापाण्याचं बोलते आणि पुढं जाते. माझी मलाच लाज वाटते.

दोन आठवडे जोसी आली नाही. गावात बातमी पसरली की नाही कोण जाणे, पण कुत्री येतच होती आणि डिनी सगळ्यांना ओर्लाकडे पाठवत होता. मग एका रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर जोसी आली. हातात अंड्यांची पिशवी होती. तिनं ती खिडकीत ठेवली नाही. समोरचं दार वाजवलं, आत आली आणि पिशवी टेबलावर ठेवली. डिनी खुर्चीतून उठला.

"मिक शेवटी म्हणायचा," ती बोलू लागली, "वीस वर्षं डिनीनं आपली कुत्री उभी केली आणि एकदा आभार मानता आले नाहीत. त्याला त्याची फार चुटपुट होती. मी म्हणायची, वेडा आहेस का, त्याचा हात जाईल."



"आता मानायला हरकत नाही, नाही का रे?" जोसी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. माया होती असंही मला म्हणवत नाही. "थँक्यू, डिनी. मिककडून. आणि माझ्याकडून."

डिनीनं दोन्ही हात पाठीमागे घेतले, लहानपणी वडील छडी काढायचे तेव्हा घ्यायचा तसे. मग पुढं केले. जोसीनं ते हातात घेतले, दाबले आणि सोडले. तिनं किती जोरात दाबले ते त्याला कळलं नसणार.

ती गेल्यावर तो गोठ्यात गेला. पिंपांवरचं दार त्यानं धुतलं आणि मला हाक मारली. एका बाजूनं मी धरलं, एका बाजूनं त्यानं. गोठ्याच्या चौकटीतल्या बिजागऱ्या गंजल्या होत्या, खिळा बसेना. त्याला खिळ्याचं डोकं चिमटीत धरता येत नव्हतं, म्हणून खिळा मी धरला आणि हातोडी त्यानं मारली. एकदा माझ्या बोटावर बसली. मी आवंढा गिळला.

चाळीस वर्षांनी गोठ्याला दार लागलं. खाली जमिनीला घासतं. लोटायला दोघं लागतात.