समुद्राचं समुद्राला

"टाकू नकोस! मेहरेझ, खाली ठेव ते!"

लज़हर ओरडत धक्क्यावरून धावत आला, तेव्हा मेहरेझ आणि त्याचा एक खलाशी जाळ्यातलं कासव ट्रॉलरच्या काठापर्यंत उचलून घेऊन आले होते. कासवाची मान लोंबत होती.

"काका, मेलंय ते. जाऊ द्या बिचाऱ्याला घरी."

"मेलं नाही, बेशुद्ध आहे. पाण्यात टाकलंस तर मात्र बुडून मरेल."

"ऐका रे! समुद्रातलं कासव म्हणे समुद्रात बुडणार!" खलाशी खो खो हसले. "उठलं तर अर्धी मिशी उतरवतो, काका!" मेहरेझ म्हणाला, पण कासव त्यानं धक्क्यावर उतरवलं.

या हसण्याची लज़हरला सवय होती. सहा वर्षांपूर्वी तो स्फाक्स शहरातल्या कासवांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागला आणि तेव्हापासून धक्क्याधक्क्यावर एकच गोष्ट सांगत फिरत होता. कासवालाही हवा लागते. जाळ्यात गुदमरलं असेल तर मागची बाजू उंच करून सावलीत ठेवा, फुफ्फुसांत गेलेलं पाणी निथळू द्या, दिवसभर धीर धरा. फक्त या धक्क्यावर त्याची जीभ रेटत नसे, कारण इथल्या बाकावर सालाह तांडेल बसलेला असे.

सालाह मेहरेझचा बाप, पंच्याऐंशीचा. त्याच्याच नावेवर लज़हरनं तीस वर्षं जाळी ओढली होती. इतर नावा कासवं बाजारात नेत. सालाह मात्र निपचित पडलेलं कासवसुद्धा बिस्मिल्ला म्हणून पाण्यात सोडायला लावी. बंदरात त्याचं नाव निघे ते या दयेपायीच. आणि सोडणारे हात लज़हरचे. दवाखान्यात डॉक्टर नौरसबाईंनी पहिल्याच आठवड्यात खरं काय ते समजावलं, तेव्हा त्याला ती सगळी सोडलेली कासवं आठवली. हे म्हाताऱ्याला कुठल्या तोंडानं सांगायचं?

त्यानं कासव फळीवर घेतलं, फळीच्या मागच्या टोकाखाली मासळीचा क्रेट सरकवला आणि पाठीवर ओलं फडकं टाकलं.

"लज़हर, मुक्या जिवाला का छळतोस?" बाकावरून आवाज आला. "समुद्राचं समुद्राला. मीच शिकवलं ना तुला?"

"हो तांडेल, तुम्हीच." त्याला मान वर करवली नाही.

ऊन चढलं, कलायला लागलं. दुपारच्या दुसऱ्या नमाजानंतर कासवाच्या नाकातून पाण्याची धार आली. मग डोकं हललं, आणि एक मोठा, घरघरता श्वास सगळ्यांना ऐकू आला. मेहरेझ गुडघ्यांवर बसला. "जिवंत आहे हो काका!" एकच गलका उडाला. कुणी मेहरेझच्या मिशीसाठी वस्तरा मागू लागलं.

सालाह काठी टेकत जवळ आला होता.

"लज़हर, म्हणजे आपण जी सोडली..."

'ती वेगळी होती, तांडेल,' हे लज़हरच्या अगदी ओठांवर आलं. म्हाताऱ्याचे दिवस ते किती राहिलेले! पण आठ खलाशी कान देऊन उभे होते, आणि उद्या पहाटे यांचीच जाळी पडणार होती.

"बुडाली, तांडेल. माझ्या या हातांनी बुडाली."

"माझ्या शब्दावरून."

"आपल्याला ठाऊक नव्हतं."

लज़हरला रडू आवरेना.

"बाबा, घरी चला," मेहरेझ म्हणाला. म्हाताऱ्यानं त्याचा हात झटकला आणि कण्हत, फळीचा आधार घेत तो खाली बसला. बाह्या वर सारल्या.

"फडकं दे इकडे. डोक्यावरून फिरवलं तर चालतं का रे?"

"नाकापाशी नको, तांडेल. पाठीवर फिरवा."

"असं?"

"थोडं हलक्या हातानं."

"बरं," सालाह म्हणाला, आणि हात हलका केला.