उसना फ्रॉक

टेलरबाईच्या घरात शोधलं असतं तर काहीही सापडलं असतं, फाटका फ्रॉक तेवढा सापडला नसता. आणि संस्थेच्या साहेबांना नेमका तोच हवा होता.

"अहो ताई, पालकबाई दोन विमानं बदलून येतायत," साहेब दारातूनच घर न्याहाळत म्हणाले. "आणि इथे बघावं तर पडदे काय, शिलाई मशीन काय, पोरीच्या पायात बूट काय! त्यांना वाटेल, यांचं तर झकास चाललंय. त्यांनी पोरीचं नाव योजनेतून काढलं की शाळा बंद. मग माझ्याकडे रडत येऊ नका."

टेलरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा वर्षांपूर्वी पोरीचं नाव या दत्तक पालक योजनेत लागलं होतं. परदेशातली कोण कुठली बाई शाळेचा खर्च उचलायला लागली, म्हणून तर हिला स्वतःच्या कमाईतून मशीन घेता आलं. मदत फळाला आली, तर ती दाखवायची की लपवायची? हा कुठला न्याय! पण शाळेचं नाव निघालं आणि तिनं तोंड मिटलं. पोरगी सातवीत होती, गणितात वर्गात पहिली, इंग्रजीही बोलायला लागलेली. तिची शाळा सुटली असती, तर त्या मशीनचं काय लोणचं घालायचं होतं?

पायमशीन शेजारच्या काकूंकडे गेलं. पडदे उतरले. मग साहेबांनी पिशवीतून एक फ्रॉक काढला. बगलेत उसवलेला, खांद्यावर फाटलेला, दोन बटणं गायब.

"हा कुणाचा?"

"संस्थेचाच आहे. पाहुणे आले की लागतो," साहेब म्हणाले, जणू काही सतरंजीबद्दल बोलत होते. "आणि पोरीनं तोंड उघडायचं नाही. त्यांचं इंग्रजी तुम्हाला आणि तुमचं मराठी त्यांना मीच सांगेन."

साहेब पाहुणीला आणायला चौकात गेले. पोरीनं फ्रॉक घातला. तिला सगळे टिल्ली म्हणत, पण आता ती आईच्या खांद्याला लागत होती. खांद्यावरचं भोक हातानं झाकत ती उभी राहिली.

"आई, मी अशी बसू त्यांच्यासमोर?"

"काढ तो आधी!"

मशीन गेलं होतं, हात कुठे गेले होते? तिनं सुईदोरा घेतला. बगल शिवली, खांद्याला रफू केलं, डब्यातली दोन बटणं शोधून लावली. प्रत्येक टाक्याला साहेबांच्या नावानं एकेक शेलकी शिवी हासडत होती. पाहुणीची गाडी उशिरा आली, त्यामुळे शिव्याही पुऱ्या झाल्या आणि टाकेही.

पाहुणी बडी वगैरे काही नव्हती. साठीची बाई, पायात साध्या चपला, गुडघ्याला पट्टा. टिल्लीला बघून तिचा चेहरा असा फुलला की टेलरबाईला क्षणभर सगळ्या रागाचा विसर पडला.

"सांगा त्यांना, पोरीचं गणित छान आहे म्हणून," टेलरबाई साहेबांना म्हणाली.

एवढ्याशा वाक्याला साहेबांनी चांगली पाच मिनिटं लावली. मध्येच पोटावर हात फिरवला, मध्येच सुस्कारा सोडला. पाहुणीच्या डोळ्यांत पाणी आलं. टिल्लीचे कान लालबुंद झाले.

"आई, हे सांगतायत आपण एकवेळच जेवतो. आणि बाबा दारू पितात म्हणे."

बाबा! महिना महिना ट्रकवर असणारा, चहापलीकडे कशाला हात न लावणारा बिचारा माणूस!

"ताई, शाळेचा विचार करा," साहेब हसऱ्या चेहऱ्यानं, पण दात आवळून म्हणाले.

तिनं केला विचार. शाळा गेली तर काय, हे तिला साहेबांपेक्षा जास्त कळत होतं. पण बापाची बदनामी खाली मान घालून ऐकायची, हे शिकवायला तिनं पोरीला शाळेत घातलं नव्हतं.

"तुला येते ना गं त्यांची भाषा? मग सांग खरं काय ते. जे होईल ते होईल."

टिल्ली आधी अडखळली, मग घडाघडा बोलत सुटली. मशीनचं सांगितलं, काकूंच्या घराकडे बोट दाखवलं, शेवटी फ्रॉकची बाही चिमटीत धरली. पाहुणीचा चेहरा तांबडा झाला. ती साहेबांकडे वळून दोनच वाक्यं बोलली. साहेबांना एकाएकी स्वतःचे बूट फार बघावेसे वाटले.

"काय म्हणाल्या?" टेलरबाईनं विचारलं.

"म्हणाल्या, तुमचं बरं चाललंय, सहा वर्षं मी हीच बातमी ऐकायला तडफडत होते, आणि तुम्ही मला दरवर्षी रडगाणी लिहून पाठवलीत." टिल्लीला हुंदका आला. "आणि आई, शाळा चालू राहणार. त्या म्हणाल्या, शिकेल तिथपर्यंत."

पाहुणी उठली, काकूंकडे गेली आणि पट्ट्याचा गुडघा विसरून मशीनचं एक टोक धरून उभी राहिली. टेलरबाईनं दुसरं टोक धरलं आणि दोघींनी ते उचलून घरात आणलं.

टिल्लीनं आपले कपडे घातले. टेलरबाईनं तो फ्रॉक नीट घडी करून साहेबांच्या हातात दिला.

"घ्या. कुठे उसवलेला नाही, बटणंही लावलीत. आता पुढच्या घरी न्या. तिथल्या पोरीला निदान अंग झाकून बसता येईल."