बापूजींचा कोटातला फोटो

परदेशात सेवेला जाण्याआधी वांजिरूला प्रशिक्षण केंद्रात सहा आठवडे एकच गोष्ट घोकून शिकवली होती: छळ झाला तर तोंड कसं द्यायचं. केनियाहून ती नागपुरात आली, सक्करदऱ्यातल्या गल्लीत कामाला लागली आणि तिचा छळ पहिल्याच दिवशी सुरू झाला. तो जेवणाचा होता. कुठल्याही घरात शिरलं की ताट समोर यायचं, आणि 'नको' म्हटलं की घरची बाई आठवडाभर अबोला धरायची. प्रशिक्षणात यावर धडा नव्हता.

वांजिरू चोवीस वर्षांची, शिकलेली नर्स. मिशनचं काम साधं होतं. साखरेच्या आजारानं ज्यांच्या पायाला जखमा झाल्या आहेत त्यांच्या घरी जायचं, पाय धुवायचा, जखम साफ करायची, पट्टी बांधायची, पुढच्या घरासाठी सायकल काढायची. अडचण एवढीच की या गल्लीत कुणी पायाशी वाकलं की म्हाताऱ्या माणसाचा हात आपोआप त्याच्या डोक्यावर जातो. त्यामुळे दुपारी बारापर्यंत वांजिरूच्या खात्यात दहा आशीर्वाद जमा व्हायचे, आणि त्यातले आठ चांगल्या नवऱ्याचे असायचे. तिनं नवरा मागितला नव्हता. पण तक्रारही केली नव्हती.

तिसरं घर बापूजींचं. बापूजी एस.टी.चे निवृत्त कंडक्टर, वय एकाहत्तर, तीस वर्षं नागपूर-चंद्रपूर गाडीवर. डाव्या पायाच्या अंगठ्याला जखम. डॉक्टरांनी अंगठा काढायचं म्हटलं होतं. वांजिरूनं जानेवारीपर्यंत मुदत मागून घेतली होती. जखम भरत होती, आणि बापूजी तिची प्रगती आपल्या पद्धतीनं सांगायचे. "आज बुटीबोरी पार झालं. जांबले पोहोचलो का मंग अर्धा रस्ता समज."

त्यांच्या बायकोनं, प्रेमिलाकाकूंनी, पहिल्या दिवशीच उंबऱ्यात उभं राहून सगळं स्पष्ट करून टाकलं होतं. "हे पाह्य बाई, आमच्या सासऱ्यानं छप्पन साली दीक्षाभूमीवर धर्म बदलला. सगळ्या घराचा एकदाच बदलून ठेवला. आता पुन्हा बदलाले आमच्याजवळ टाइम नाही."

"मी पट्टी बदलायला आले," वांजिरू तेव्हाच्या तोडक्या मराठीत म्हणाली होती.

"मंग ये आतमंदी. जेवली का?"

हे सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात नोव्हेंबर आला. वांजिरूची एक वर्षाची मुदत महिनाअखेरीस संपत होती. ती वाढवण्याचं पत्र मिशनच्या मुख्य कचेरीतून यायचं होतं, आणि मुख्य कचेरी सातासमुद्रापलीकडे होती. इथलं काम पाहणारे दुर्गेश सर एका सकाळी तिला म्हणाले, "सिस्टर, पत्राचं जमून जाईल. फक्त नाताळच्या पत्रकासाठी एक फोटो पाहिजे त्यांना. कॅमेरेवाला येऊन राहिला. तुमच्या पेशंटपैकी एक घर दाखवा. बापूजींचं चालेल."

"कसला फोटो?"

"साधाच," दुर्गेश सर खिडकीबाहेर पाहत म्हणाले. खिडकीबाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं.

वांजिरूनं प्रेमिलाकाकूंना निरोप दिला: गुरुवारी सकाळी फोटो काढायला साहेब येणार आहेत. बस, एवढंच. आणि इथेच गडबड झाली. कारण या गल्लीत फोटो म्हणजे काय, हे मुख्य कचेरीला कुणी सांगितलं नव्हतं.

गुरुवारी नऊ वाजता ब्रेडन नावाचा, हळू आवाजात बोलणारा, अत्यंत सभ्य तरुण गळ्यात कॅमेरा अडकवून गल्लीत शिरला आणि जागच्या जागी थांबला. बापूजी खुर्चीत बसले होते. अंगात निवृत्तीच्या दिवशी शिवलेला निळा कोट, गळ्यात टाय, उजव्या पायात पॉलिश केलेला बूट आणि डाव्या पायाला पांढरीशुभ्र पट्टी. प्रेमिलाकाकूंनी लग्नकार्यात नेसायची हिरवी रेशमी साडी नेसली होती. नात पिंकीनं सगळ्यांच्या चेहऱ्यावर पावडर लावली होती, आणि ती सढळ हातानं लावली होती. शेजाऱ्यांचा सोफा अंगणात आला होता. फ्रिज तर चौघांनी उचलून दारात आणून ठेवला होता, फोटोत यावा म्हणून. त्यावर नवं लेसचं कव्हर होतं.

"यांतले पेशंट कोण?" ब्रेडननं हळूच इंग्रजीत विचारलं.

"कोटातले," वांजिरू म्हणाली.

ब्रेडननं आधी खाऊन घ्यावं असा आग्रह झाला. तर्री-पोह्यांची प्लेट त्याच्या हातात आली आणि दुसऱ्या घासाला त्याच्या दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या. त्या दिवशी गल्लीत रडणारा तो एकटाच माणूस होता. त्याचा फोटो पिंकीनं मोबाइलवर काढला.

डोळे पुसून झाल्यावर ब्रेडननं आजूबाजूला पाहिलं. शेजारी पडक्या भिंतीची एक जागा होती, टिनाचं छप्पर, खाली चिखल. त्याचा चेहरा उजळला. "यांना तिथे बसवता येईल का?"

"ती भैयाजींच्या म्हशींची जागा आहे," वांजिरू म्हणाली.

"प्रकाश फार छान आहे तिथे. आणि कोट काढायला सांगा. जुना बनियन असेल तर तो. पट्टी सोडून पाय पुढे. आजींनी नुसतं जमिनीकडे पाहायचं. हसायचं नाही." तो मनापासून बोलत होता. "लोकांना दिसल्याशिवाय लोक देत नाहीत हो. यांच्यासाठीच आहे हे."

"काय म्हणून राहिला वं तो?" प्रेमिलाकाकूंनी विचारलं.

वांजिरूला खोटं सांगता आलं असतं. साहेब म्हणतात कोट छान आहे, एवढं म्हटलं असतं तरी वेळ निभली असती. पण तिनं एकही शब्द न गाळता सगळं सांगितलं. म्हशींच्या जागेसकट.

ब्रेडनबरोबर आलेले दुर्गेश सर पुढे झाले आणि काकूंच्या कानाशी लागले. "काकू, दोन मिनिटांचं काम आहे. सिस्टरच्या राहण्याचं पत्र यावरच अडलं आहे. नाही झालं तर महिनाअखेर त्यांना जावं लागेल."

हे बापूजींनी ऐकलं. कंडक्टरचे कान, भरल्या गाडीत मागच्या सीटवरचं कुजबुजणंही त्यांना ऐकू यायचं. त्यांनी एकदा पायाकडे पाहिलं, एकदा वांजिरूकडे, आणि कोटाचं वरचं बटण काढलं.

"अवो, हे काय करून राहिले?" काकू ओरडल्या.

"पोरगी राहते ना त्याच्यानं. एक फोटोच तं आहे." त्यांनी दुसरं बटण काढलं. "तुह्या कागदासाठी काढतो वं मी. त्याच्यासाठी नाही. आन बनियन धुतलेलाच आहे."

वांजिरूनं त्यांचा हात धरला. तिसऱ्या बटणावरच.

"नाही," ती म्हणाली.

मग ती ब्रेडनकडे वळली. "मी सात वर्षांची होते तेव्हा आमच्या शाळेत एक गाडी आली. कॅमेरा होता. सगळ्या मुलांना बूट काढायला सांगितले. माझे बूट नवे होते, आईनं तीन महिने शिवणकाम करून घेतले होते. मी काढले. प्रशिक्षण केंद्रात गेले तेव्हा तो फोटो भिंतीवर लावलेला होता. खाली लिहिलं होतं, हिला बूट द्या. माझे बूट फोटोच्या बाहेर होते, डाव्या हाताला, तीन फुटांवर. मी सहा आठवडे रोज त्या भिंतीखाली जेवले."

ब्रेडननं बापूजींच्या पॉलिश केलेल्या बुटाकडे पाहिलं.

तिनं बापूजींची दोन्ही बटणं परत लावली. टाय सरळ केला. "बापूजी असेच बसतील. काढायचा तर असाच काढा. नाहीतर कॅमेरा बंद करा आणि दुसरी प्लेट घ्या."

दुसरी प्लेट म्हटल्याबरोबर ब्रेडननं कॅमेरा डोळ्याला लावला.

"थांब ना गा, थांब!" प्रेमिलाकाकूंनी हात वर केला. "असा कसा काढतं? साऱ्या गल्लीले बोलवू दे. अवो भैयाजी! या, तुम्हीपण या, म्हशी राहू द्या!" पाच मिनिटांत अंगण भरलं. कुणी सोफ्यावर, कुणी सोफ्यामागे, भैयाजी फ्रिजला टेकून. वांजिरूला बापूजींच्या शेजारी उभं केलं आणि पिंकीनं तिलाही पावडर लावली. पावडर तिच्या चेहऱ्यावर दुरूनही दिसत होती, पण गल्लीच्या मते ती छान दिसत होती. एक, दोन, तीन म्हणेपर्यंत दुर्गेश सरांनी खिशातला कंगवा काढून केसांवरून फिरवला आणि डावीकडून तिसरे उभे राहिले.

दुपारी कचेरीत फोटोसोबतचा फॉर्म भरायचा होता. 'या कुटुंबाची सर्वांत मोठी गरज' या रकान्यासमोर वांजिरूनं लिहिलं: बारा बाय अठराची फ्रेम, सोनेरी कडेची.

"हे पाठवू नका," दुर्गेश सर म्हणाले. "सिस्टर, मी मनापासून सांगतो. हे गेलं तर तुम्ही गेलात."

"खाली तुमची सही पाहिजे."

दुर्गेश सरांनी फोटो पुन्हा पाहिला. बराच वेळ पाहिला. वीस वर्षं मिशनच्या पत्रकांसाठी त्यांनी शेकडो फोटो पाठवले होते. स्वतः एकातही नव्हते. "मी जरा बरा आलो आहे यात," ते म्हणाले, आणि सही केली.

मुख्य कचेरीचं उत्तर आठ दिवसांत आलं. ते प्रेमळ होतं. सिस्टरच्या सेवेबद्दल कृतज्ञता, मुदत वाढवता येत नाही याचा खेद, तिकीट तीस तारखेचं. नवा फोटो पाठवल्यास फेरविचार होऊ शकेल, असंही शेवटच्या ओळीत होतं. वांजिरूनं पत्राच्या पाठीमागे 'नवा फोटो मिळणार नाही' असं लिहून सही केली, दुर्गेश सरांच्या टेबलावर ठेवलं आणि नेहमीसारखी सायकल काढली.

प्रेमिलाकाकूंनी सगळं ऐकून घेतलं. पदर खोचला.

"किती दिवस आहे तुह्याजवळ?"

"बारा."

"आन यांचा अंगठा जानेवारीपर्यंत."

"हो."

"मंग उठ. खुर्चीत बस. आजपासून पट्टी मी करीन, तू फक्त सांग. काहून पाहून राहिली अशी? चार लेकरं वाढवली मी, एक अंगठा नाही सांभाळत का?"

वांजिरूनं हातमोजे त्यांच्याकडे दिले. काकूंनी ते चढवले, दिवाणापुढे मांडी घातली आणि नवऱ्याचा पाय मांडीवर ओढला. सलाईनचं पाणी ओतलं. मग पन्नास वर्षांच्या संसारातलं जे काही बाकी होतं ते सगळं बोटांत आणून गॉजनं जखम पुसायला घेतली.

"मेलो! अवो, हळू! सिस्टर, हिले सांग ना वं! हे पट्टी नाही करून राहिली, भांडी घासून राहिली!"

वांजिरू हाताची घडी घालून खुर्चीत बसली. पुढे वाकून तिनं अंगठ्याची कड नीट पाहिली.

"चूप बसा बापूजी," ती म्हणाली. "काकू, तिकडं राहिलं आहे. अजून घासा."